मधले सहा तास

"बोट सकाळी आठलाच सुटली आणि आपली वेबसाइट दुपारी दोनची वेळ दाखवत बसली," रुगेमालिरा साहेब म्हणाले. "पुन्हा. बारापर्यंत चूक सापडली नाही तर त्या बेटाच्या बोटी यादीतून काढून टाका."

"तुमच्या बेटावर सूर्य दोनदा उगवतो का गं, काबुला?" शेजारच्या टेबलावरचा कुल्वा हसला.

वेबसाइट काबुलानंच उभी केली होती. पूर्वी धक्क्यावर खडूनं लिहिलेली पाटी असायची. अख्खं बेट ती वाचून निघायचं, आणि कुणाची बोट चुकल्याचं कुणाला आठवत नाही. आता धक्क्यावरचे कारकून फोनवरून वेळा कळवतात. बेटावर तास उजाडल्यापासून मोजतात. उजाडून दोन तास झाले की दोन वाजले. परक्या घड्याळात तेव्हा आठ. म्हणून बेटावरून आलेल्या आकड्यात संगणक सहा मिळवायचा. वर्षभर सुरळीत चाललं. या महिन्यात मात्र काही दिवस दोनाऐवजी आठच येत होते, आणि त्यात सहा मिळून सकाळची दुपार होत होती.

काबुलानं साऱ्या नोंदी एकेक करून तपासल्या. चुकत होते ते फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. त्या दिवशी पाळी कुणाची, हे तिला शोधावं लागलं नाही.

"एकाच कारकुनाच्या पाळीला होतंय," ती हळू म्हणाली.

साहेबांनी लगेच धक्क्यावर फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मीच पाठवते," पलीकडचा म्हातारा आवाज ठणठणीत होता. "शहरातलं घड्याळ शिकले ना मी गेल्या महिन्यात. बोटांवर सहा मोजते, मगच पाठवते. माझी पोरगी तिथंच कामाला आहे. तिची तेवढीच मेहनत वाचते."

"ही बाई बदलायला हवी," साहेब पुटपुटले आणि त्यांनी वही ओढली. "नाव काय तुमचं, ममा?"

"नावानं कोण हाक मारतंय इथं? सगळे पोरीच्या नावानं ममा काबुलाच म्हणतात."

कुल्वाचं हसू मावळलं. काबुला उठून फोनपाशी गेली.

"शिकामो, आई," तिनं सगळ्यांदेखत नमस्कार केला. "तू आपल्याच घड्याळानं पाठवत जा."

"का गं? माझा हिशेब चुकला?"

"नाही आई. बरोबर होता. सहा आपण दोघींनी मिळवले, एवढंच."