जास्तीचे आठ आकडे

"निरोप आठ आकड्यांचा, मग सोळा कशाला पाठवतेस पोरी?" हेमराजशेठनी वर्षाच्या लॅपटॉपवर बोट टेकवलं. "अर्धं तर पाणीच घातलंय यात."

केबिनच्या काचेपलीकडे त्यांचे साठ लूम धडधडत होते. प्रत्येक कारागिराच्या कमरेला एक बटण यायचं होतं. दाबलं की रेडिओवरून निरोप जाऊन लूम जागच्या जागी बंद. हे वर्षाचं यंत्र. ते तिने हौसेनं केलेलं नव्हतं. तिची आई, कलाबाई, याच शेडमध्ये लूमवर होती. एकदा "बंद करा" म्हणून तिने मारलेली हाक या धडधडीत कुणाला ऐकू गेली नाही. तेव्हापासून ती साडेनऊ बोटांनी इथेच चहा करते.

"शेठ, निरोप रेडिओलहरींच्या रुंद पट्ट्यावर पसरून जातो. साठही बटणं त्याच पट्ट्यावर एकदम बोलणार. एकाचं बोलणं म्हणजे दुसऱ्याचा गोंगाट. त्यात दोन-तीन आकडे बिघडणारच. कुठले बिघडले ते या जास्तीच्या आठांवरून कळतं, दुरुस्त करता येतं."

"बिघडतातच कशाला? नीट पाठव. सरळ बोलणाऱ्याला एकदा बोललेलं पुरतं."

सोफ्यावर बसलेले पर्वत पाटियाच्या कापडबाजारातले चार व्यापारी हसले. शेठना आणखी चेव आला. "आठ काढ, बॅटरी दुप्पट चालेल. काढत असशील तर आत्ता ऑर्डरवर सही करतो. नाहीतर राम राम." एवढं बोलून त्यांनी दार उघडलं आणि शेडमध्ये हाक मारली, "कलाबाई, सहा चहा! पाहुणे चार, आपण दोघं, सहा!"

वर्षाने खाली मान घालून जास्तीचे आठ आकडे निवडले. सही मिळाली तर निदान यंत्र तरी बसेल. पण ऐन वेळी ते बहिरं निघालं तर? पुसायच्या कळीवर तिचं बोट अडलं.

तेवढ्यात कलाबाई ट्रे घेऊन आली. सहा कप.

"बघ!" शेठ खूश झाले. "एवढ्या धडधडीत एकदाच सांगितलं, तरी तुझ्या आईने मोजून सहा आणले."

कलाबाई कप मांडता मांडता म्हणाली, "सहा तं माले ऐकूच उनं नही, शेठ. 'पाहुणे चार, आपण दोघं', इतलंच उनं. मंग मी मोजी लिधं."

एक व्यापारी चहात फुर्रकन हसला. शेठनी एक घोट घेतला, मग दुसरा. वर्षाचा हात हळूच लॅपटॉपवरून बाजूला केला.

"राहू दे ते," ते म्हणाले. "म्हणजे पुसू नको. आहे तसंच ठेव."