बिगी करा

सिद्धरामअप्पा लिंबं आणि नारळ घेऊन गॅरेजात परतले, तर गाडी जागेवर नव्हती. जॅक काढून भिंतीला लावून ठेवला होता. जावई आदिनाथ शाबासकीची वाट बघत, फडक्याला हात पुसत उभा होता.

"गाडी कुठं हाय?"

"मंजुश्री घेऊन गेली, मामा. नळेगावच्या रस्त्यानं एक चक्कर मारून येते म्हणली."

"पूजा न करताच?"

अप्पा जरा चिडलेच. ती दोन सीटची लाल, जुनी विलायती गाडी म्हणजे त्यांचं म्हातारपणीचं खूळ. त्यांची बायको शिवम्मा तिला सरळ सवत म्हणायची. मुंबईहून सामान मागवून, दिवसरात्र खपून अप्पांनी तिला रुंद टायरं, मॅगव्हील चाकं, कडक शॉकअप आणि आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. गाडी रस्त्याला टेकते की काय, इतकी खाली आली होती. नव्या चाकांखाली लिंबं चिरडल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही, असं ठरलं होतं. पण लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीला अडवणार कोण?

लिंबं ठेवायला अप्पा फळीकडे वळले आणि तिथंच थबकले. चाकाचा मोठा पाना खिळ्यालाच लटकत होता. सकाळी त्यांनी त्याच्या दांड्यावर वाळत टाकलेला रुमालसुद्धा हललेला नव्हता.

"जावईबापू, चाकं कशानं आवळलाव?"

"आवळायचे कशाला? नट तर तुम्हीच लावले न, मामा."

"ते हातानं लावले हो! चाक हवेत असलं की नट नुसते बोटानं लावायचे, आन् गाडी खाली टेकली की पान्यानं आवळायचे. जाताना सांगून गेलो की तुम्हाला. जॅक काढा, बिगी करा."

"मग केलं की! लई बिगी काढला जॅक."

अप्पांच्या हातातली लिंबं खाली घरंगळली. उदगीरला त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात. कुठला शब्द कुणाचा, हे कुणी बघत नाही. आणि हा जावई पार तिकडचा, किनवटचा.

"बिगी म्हंजे घट्ट हो!" अप्पांचा आवाज चिरकला. "आमच्यात बिगी म्हंजे घट्ट!"

"आमच्याकडं तर लवकर..." आदिनाथ म्हणाला.

त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे अप्पांनीच मंजुश्रीला शिकवलं होतं, आणि पोरगी बापाचा शब्द मोडणारी नव्हती.

आदिनाथनं मोटारसायकल काढली. मागं अप्पा बसले, मांडीवर पाना धरून. उदगीर मागं पडलं.

"मामा, चाक ढिलं झालं की गाडी हादरंल," आदिनाथ म्हणाला. "मग ती थांबंल न?"

"न्हाई थांबायची." अप्पांना आपलीच जीभ उपटून फेकावीशी वाटली. "मीच सांगितलंय तिला सकाळी. शॉकअप कडक हायेत, गाडी हादरंल, भिऊ नको, चालवत ऱ्हा."

पुढं रस्त्याकडेला गर्दी दिसली. जवळ गेल्यावर कळलं, टरबुजाची गाडी होती. लोक टरबूज ठोकून बघत होते.

वळणावर डांबरावर काहीतरी चमकलं. आदिनाथनं करकचून ब्रेक मारला. अप्पांनी खाली उतरून ते उचललं. नवाकोरा नट होता. जरा पुढं आणखी एक पडला होता. अप्पांचा हात सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या लिंगावर गेला तो तिथंच राहिला.

"मामा, तिला काही झालं तर मी..." आदिनाथ आता उघडउघड रडत होता.

"समोर बघा! रस्त्याकडं बघा!"

टेकाड चढून मोटारसायकल पलीकडं उतरली, आणि लाल गाडी दिसली. पुढच्या गावाच्या वेशीवर, स्पीडब्रेकरच्या अलीकडं, भर रस्त्यात ती उभी होती. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. आणि मंजुश्री रस्त्यावर पालथी पडली होती.

आदिनाथनं मोटारसायकल स्टँडला लावलीच नाही, तशीच टाकून दिली. अप्पा पाना घेऊन मागोमाग धावले.

तेवढ्यात मंजुश्रीनं मान वर केली. गालाला धूळ लागली होती.

"अप्पा? बरं झालं आलात. एवढी खाली कशाला आणलीत हिला? पोट घासंल की ब्रेकरवर! कवाची वाकून बघायले, निघंल का न्हाई ते."

अप्पांनी पाना आदिनाथच्या हातात दिला आणि ते पुढच्या उजव्या चाकापाशी गेले. एकच नट उरला होता. त्यांनी नुसतं बोट लावलं, तर तोही हातात आला.

मंजुश्री बघतच राहिली. आधी नटाकडं, मग बापाच्या तोंडाकडं. "काय झालं, अप्पा?"

अप्पांनी नट खिशात टाकला आणि ट्रकवाल्यांच्या देखत, ग्रीसनं माखलेल्या हातांनी लेकीला छातीशी धरलं.

"अप्पा, इष्ट बिगी हिडीब्याड्री!" मंजुश्री गुदमरून कानडीत म्हणाली, एवढं घट्ट धरू नका.

"धरू दे त्यांना," चाकापाशी पाना घेऊन बसलेला आदिनाथ म्हणाला.