ड्रेनोवाकच्या झऱ्याच्या नोंदी

"पत्र माझ्याच नावावर आलंय!" आजोबांनी पाकीट ग्रंथालयाच्या टेबलावर आपटलं. "ड्रेनोवाकच्या झऱ्याचं पाणी ऑगस्टमध्ये हॉटेलला द्यावं का, म्हणे. बुधवारी गावसभा आहे. मलाच का विचारतात, देव जाणे."

"बघू या ना आपण," स्मिल्याना म्हणाली. विद्यापीठाच्या या ग्रंथालयात संशोधकांच्या नोंदी सांभाळायचं काम तिचं. तिने संगणक त्यांच्याकडे वळवला. "या झऱ्याचं पाणी दर आठवड्याला मोजलेलं आहे. एकोणतीस वर्षं."

आजोबांनी चष्मा सावरला. ऑगस्टच्या रकान्यात कुठे शून्य, कुठे नुसती रिकामी चौकट.

"म्हणजे अर्धा काळ आटलेलाच की!"

"आधी पहिलं पान वाचा."

पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं : शून्य म्हणजे झरा आटला. रिकामी चौकट म्हणजे लढाईमुळे तिथवर जाता आलं नाही.

"वा! डोकं लावून लिहिलंय."

"भांडून लिहून घेतलंय," स्मिल्याना हसली. "मोजणाऱ्या गृहस्थांना तीन आठवडे रोज इथे बसवलं. म्हणायचे, मला सगळं पाठ आहे, लिहू कशाला? मी म्हटलं, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, त्याच्यासाठी लिहा."

"तिरसट दिसतोय गडी."

"होते थोडे. पण कॉफी नेहमी तेच पाजायचे."

खरं कौतुक करायचं तर तिचंच. या नोंदी आल्या तेव्हा निम्म्या ओल खाल्लेल्या वह्यांत होत्या, निम्म्या कुठलंच यंत्र वाचेना अशा जुन्या फ्लॉपींवर. तिने भंगारातून चालणारं यंत्र मिळवलं, एकेक आकडा वहीशी ताडून पाहिला, आणि तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या, एक तर थेट दुसऱ्या शहरात. सहकारी तिला 'थेंबमोजणी बाई' म्हणून चिडवत. बाई मागे हटली नाही.

आजोबा पेन्सिल घेऊन बसले. तासाभरात हिशेब लागला.

"सात वर्षांचे ऑगस्ट कोरडे. त्यातले पाच शेवटच्या दहा वर्षांतले! हॉटेलला पाणी दिलं तर गावाने प्यायचं काय?"

गावाला उत्तर त्यांनी स्वतःच लिहिलं, ठणठणीत भाषेत. स्मिल्यानाने ते वाचलं आणि तिला मनापासून आनंद झाला. एकही आकडा चुकला नव्हता.

आजोबांनी आणखी एक कागद ओढला.

"त्या गृहस्थांचे आभार मानायलाच हवेत. अख्खं गाव वाचवलंय त्यांनी. नाव काय त्यांचं?"

"फ्राने श्कारित्सा," ती म्हणाली.

आजोबांनी त्या जुन्या वह्यांतल्याच वळणाच्या अक्षरात नाव लिहिलं, पुन्हा वाचलं आणि खळखळून हसले.

"कमाल आहे! अगदी माझंच नाव!"