अनोळखी सहभागी

"हे वाचून दरवाजे विकले जातात होय?" मॅनेजरने तिच्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा दोन बोटांनी उचलून पाहिला.

"विकले जात नाहीत," ती म्हणाली. "कुणाला विकायचे, ते कळतं."

बावीस वर्षं ती शीतगृहांचे दरवाजे विकत होती. ऑफिसात तिला ‘पोथीवाली’ म्हणत. मोठ्या कंपन्यांचे साहेब दर तिमाहीला गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतात. तिथे एखादा शेअर असलेला माणूसही प्रश्न विचारू शकतो. ते सगळं बोलणं शब्दन् शब्द उतरवून कंपनी प्रसिद्ध करते, आणि कुणीही ते वाचत नाही. ती वाचायची. हातात लाल पेन्सिल घेऊन, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या आभारापर्यंत.

"या तिमाहीत मोठी ऑर्डर आणा," मॅनेजर नजर चुकवत म्हणाला. "नाहीतर तुम्हाला तक्रार विभागात बसवायचं म्हणतायत. वरूनच आलंय."

तक्रार विभाग म्हणजे तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली. दुसऱ्यांच्या चुकांसाठी दिवसभर शिव्या खायच्या. ती पुन्हा कागदांकडे वळली.

तिचा डोळा एकाच कंपनीवर होता. गोठवलेल्या भाज्या विकणारी, एकवीस गोदामांची कंपनी. त्या कंपनीच्या फाटकातून ती सहा वेळा हात हलवत परत आली होती. "आमच्या दरवाजांना काही झालेलं नाही," हे उत्तर तिला पाठ झालं होतं.

पोथीत मात्र वेगळंच शिजत होतं.

नऊ महिन्यांपूर्वीच्या कॉलमध्ये सगळे बडे लोक नफ्याबद्दल बोलून दमल्यावर शेवटी कुणीतरी विचारलं होतं, ‘मालाची नासाडी किती होते?’ विचारणाऱ्याचं नाव नव्हतं. ‘अनोळखी सहभागी’ एवढंच छापलं होतं. साहेबांनी एका शब्दात झटकून टाकलं, ‘नगण्य.’

पुढच्या तिमाहीत तोच पाहुणा पुन्हा हजर. ‘गेल्या वेळी नगण्य म्हणालात. म्हणजे किती?’

‘तपासून सांगतो.’

तिसऱ्या वेळी, ‘तपासलंत का?’ तेव्हा साहेबांच्या तोंडून निसटलं की काही गोदामांत थंडी टिकत नाही, म्हणून मशिनं बदलतोय. आणि परवाच्या चौथ्या कॉलमध्ये, ‘मशिनं बदलून फरक पडला का?’

‘अपेक्षेइतका नाही.’

तिने त्या दोन शब्दांखाली अशी रेघ ओढली की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

"आई, या काकांना मानलं पाहिजे," जेवताना ती सासूबाईंना म्हणाली. "चार वेळा त्या साहेबाचा पिच्छा सोडला नाही. रिटायर्ड असणार. घरात कुणी ऐकत नसेल, म्हणून कंपनीला छळतात."

"जेव आधी, निवतंय," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सुनेच्या कामाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात मावायचं, ‘चार शहाण्यांची बडबड वाचून कुणाचं भलं झालंय?’ ती रोज ऑफिसातलं सांगायची, पण त्या ऐकतात की नाही, हेच तिला कळायचं नाही. मधूनच विचारायच्या, ‘दाराचं रबर किती दिवस टिकतं गं?’ आणि उत्तर यायच्या आत ओट्याकडे वळायच्या.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या खरेदी प्रमुखांना पत्र धाडलं. त्यात साहेबांची चार उत्तरं एकाखाली एक, आणि शेवटी एकच ओळ: ‘मशीन नवं, थंडी तशीच. दार बघायला येऊ का?’

त्यांचा फोन संध्याकाळच्या आत आला.

गोदामात ती माहितीपत्रक न घेता गेली. पर्समधून साध्या कागदाची पट्टी काढली, दाराच्या कडेवर धरली आणि दार लावलं. मग दोन बोटांनी पट्टी ओढली. लोण्यातून सुरी निघावी तशी ती बाहेर आली.

"कागद जातो तिथून थंडीही जाते," ती म्हणाली.

खरेदी प्रमुखांनी तिच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः पुढच्या दाराशी गेले. मग त्याच्या पुढच्या. अकरा दारं झाली. नऊ दारांतून पट्टी अलगद निघाली.

"आमचे इंजिनियर सहा महिने मशिनांत डोकं घालून बसलेत," ते म्हणाले. "आणि ही चार उत्तरं आमच्याच साहेबांची! आमच्यापैकी कुणी ती जोडून वाचली नाहीत."

त्यांनी एकवीसही गोदामांची सगळी दारं तिच्याकडून घ्यायचं ठरवलं.

ऑर्डरचा कागद आला तेव्हा ऑफिस टाळ्यांनी दणाणलं. ज्यांनी पोथीवाली नाव ठेवलं होतं, ते सगळ्यांत जोरात वाजवत होते. मॅनेजर तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला.

"ती पोथी जरा वाचायला देता का?"

"रांगेत या," ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी खदखदून हसली.

घराचा जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. "आई, मिळाली! एकवीसच्या एकवीस!"

सासूबाई खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. पुसतच राहिल्या.

"त्या काकांचे पाय धरावेसे वाटतायत बघा," ती धापा टाकत म्हणाली. "पण शोधायचं कुठे? ना नाव, ना पत्ता. त्या काकांनी विचारलं नसतं तर..."

"काका काय म्हणतेस गं सारखी?" चष्मा डोळ्यांवर चढवत त्या म्हणाल्या. "सासू आहे मी तुझी."