दोन बोटं जागा

“ताई, शिक्का आणलायस ना?” वनलुंगने तिसऱ्यांदा विचारलं.

शिक्का सूयुनच्या मुठीतच होता. शिंगाचा, करंगळीएवढा, टोकाला तिचं नाव कोरलेला, सहीऐवजी मारायचा. अडतीस वर्षांपूर्वी ती हूवेई गावच्या टॉवेल कारखान्यात लागली तेव्हा बाबांनी करून दिलेला. समोर टेबलावर कागद होता. ‘मी वडिलांच्या मालमत्तेतला माझा वारसाहक्क स्वखुशीने सोडते.’ शेजारी लाल शाईची डबी उघडून ठेवली होती. स्वखुशीची सगळी तयारी भावांनी केली होती.

बाबांना जाऊन तीन महिने होत आले होते. कोर्टात कागद द्यायची मुदत आज पाचला संपत होती आणि साडेतीन वाजून गेले होते. धाकटा चिछंग दारात उभा राहून स्कूटरची किल्ली बोटात फिरवत होता. वनलुंग बसत होता, उठत होता, पुन्हा घड्याळ बघत होता. तैवानच्या कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, म्हणून तर तिच्या शिक्क्यावाचून सगळं अडलं होतं. आईने सकाळीच मुकाट्याने आपला शिक्का मारला होता. आता ती पाठ करून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

“सगळ्याच बहिणी मारतात गं,” चिछंग म्हणाला. “शेजारच्या चौघींनी एका सकाळी मारले. वर नाश्ता करून गेल्या.”

“त्या आपापल्या सासरी गेल्या,” सूयुन म्हणाली. “मी कुठे जाऊ?”

“तुला कोण जा म्हणतंय? मागची खोली तुझीच आहे की.”

मागची खोली. बाबा अंथरुणाला खिळले ती सात वर्षं सूयुन तिथेच झोपली होती, पहिल्या हाकेला उठता यावं म्हणून. खोलीचं तिला काही नव्हतं. तिचं अडलं होतं ते वेगळ्याच गोष्टीपायी. भिंतीलगत पूर्वजांचा देव्हारा होता. त्यात एक लाकडी पेटी, आणि पेटीत गेलेल्यांच्या नावांच्या पट्ट्या, दोन-दोन बोटं रुंद. घरातले पुरुष आणि त्यांच्या बायका. बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात, तेव्हा पुरुष सगळे लिआव आणि बायका कुणी छेन, कुणी हुआंग, कुणी त्साय. लिआव घरात जन्मलेली मुलगी मात्र त्या पेटीत नसते. ती नवऱ्याच्या घरच्या पेटीत जाते. नवराच नसेल तर गावाबाहेर, कुमारिकांच्या देवळात, अनोळखी बायांच्या रांगेत.

दर अमावास्या-पौर्णिमेला या पेटीपुढे उदबत्ती सूयुनच लावत आली होती. आपण गेल्यावर आपल्या नावापुढे कोण लावणार, या विचाराने गेले तीन महिने तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

तिने शिक्का शाईत टेकवला. वनलुंगने सुटकेचा श्वास सोडला.

“मारते,” ती म्हणाली. “घर तुमचं, जमीन तुमची. मला फक्त त्या पेटीत जागा द्या. मी मेल्यावर. दोन बोटं.”

किल्ली फिरायची थांबली.

“वेड लागलंय का ताई तुला?” वनलुंग ताडकन उठला. “मुलीला पेटीत घेतलं की वाडवडील खवळतात. घरात मुलगा जन्माला येत नाही, वंश बुडतो. शेंबड्या पोरालाही माहीत आहे हे!”

“माझ्या सुनेला आत्ता कुठे दिवस गेलेत,” चिछंग कळवळून म्हणाला. “आणि तू हे काय काढलंस?”

“तुझी सोय मी करीन की,” वनलुंगने आवाज मऊ केला. “कुमारिकांच्या देवळात सगळ्यात वरची रांग घेऊ. खिडकीजवळची. पंखासुद्धा आहे तिथे.”

सूयुनला हसू आलं आणि रडूही. साठीला टेकलेली बाई, मेल्यावर तिला पंखा! शिक्क्यावरची शाई वाळायला लागली होती. एवढ्याशासाठी किती भांडायचं, मारावा आणि मोकळं व्हावं, असं तिला वाटून गेलं. तिने हात कागदावर नेला.

“थांब,” आई म्हणाली.

शेंगांची पाटी सारून ती उठली. देव्हाऱ्यातले चंद्रकोरीसारखे दोन ठोकळे तिने कपाळाला लावले आणि जमिनीवर टाकले. एक पालथा पडला, एक उताणा. वाडवडिलांचा होकार.

“आई, पेटी अशी मधेच उघडायची नसते!” वनलुंग ओरडला. “आणि बायकांनी तर...”

तोवर आईने उघडलीही होती. आजोबांची पट्टी ठेवायला बाबांनी दार लावून, एकट्याने ती उघडली होती. त्यानंतर आजच; बाबांची पट्टी वर्ष झाल्यावर आत जायची होती. आईने सगळ्यात मागची पट्टी काढून थोरल्याच्या हातात दिली.

“वाच.”

अक्षर बाबांचं होतं. “लिआव...” वनलुंग अडखळला. “लिआव छुनमेई. ही कोण? बाईचं नाव, आणि आडनाव आपलं?”

“तुमची आत्या. बाबांची थोरली बहीण. तिने दुसऱ्यांच्या उसात राबून त्यांना शिकवलं. लग्न व्हायच्या आधीच तापाने गेली.” आई पुन्हा पाटीपाशी बसली. “आजोबांची पट्टी ठेवली त्याच दिवशी बाबांनी तिला कुमारिकांच्या देवळातून गुपचूप घरी आणलं.”

सूयुनने शिक्का रुमालाला पुसला. नीट पुसला, कोरीव रेघांतली शाईसुद्धा, आणि पिशवीत टाकला. कागद तसाच राहिला. कुणी तिला अडवलं नाही.

चिछंगचा चेहरा उतरला होता. “म्हणजे इतकी वर्षं आपण तिच्याही पाया... कधी, आई? कधी आणलं तिला?”

“सूयुन रांगत होती तेव्हा,” शेंग फोडत आई म्हणाली. “त्यानंतरच तुम्ही दोघं झालात.”