घाटाआधीची तारीख

मेकॅनिकने जुन्या एसयूव्हीतला डिझेल फिल्टर काढून फेकायला हात उचलला, तेवढ्यात विजयमालाबाईंना त्यावर मार्करने लिहिलेली तारीख दिसली. अक्षर शिवाप्पांचं. गेल्या वर्षी काम सोडेपर्यंत गाडी तेच चालवायचे.

त्या तारखेला एका लग्नाला निघायला उशीर होत होता आणि शिवाप्पा हाच फिल्टर बसवत गाडीखाली आडवे. बाईंनी त्यांना चारचौघांत झापलं. ते एवढंच म्हणाले, “घाटात दगा द्यायला नको, वहिनी.” दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झालेल्या लेकीला घेऊन हीच गाडी एकदाही न अडखळता घाट उतरली होती.

बाईंनी तिथूनच फोन लावला. “शिवाप्पा, तेव्हा उगाच बोलले हो तुम्हाला. तुमच्यामुळे लेक वेळेत पोचली.”

“छे, वहिनी! तुम्ही ओरडलात, माझी घाई झाली. नट ढिला राहिला की काय म्हणून पहाटे परत येऊन बघितलं. ढिलाच होता, मग आवळला.”

 बाईंचे डोळे भरून आले.

“उद्या नातवाचा पहिला वाढदिवस. मी न्यायला येते,” त्या म्हणाल्या. “गाडी मी चालवणार. तुम्ही मागं बसायचं.”