प्लायवुडचं दार

संगप्पांनी मधल्या खोलीच्या दारावर टकटक केली आणि कान लावून आवाज ऐकला.

"सागवान न्हाय की हे."

"प्लायवुड हाय, मामा," शिवयोगी पुढं सरसावला. "पातळ थर आडवे-उभे चिकटवत्यात. सोलापूरच्या उन्हात सागवान तडकतं, हे वाकतसुदिक न्हाय. आनि वजनाला लई हलकं."

पोरानं आता गप्प बसावं, असं काशम्मांना वाटलं. प्लायवुडच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं बोलतो तसं सोयऱ्यापुढं बोलायचं असतं का! बहात्तरच्या दुष्काळानंतर काटकसर करून त्यांनी हे घर बांधलं होतं. मंद्रूपचं स्थळ याच दारांवरून मोडलं. 'खोक्यात पोरगी देत न्हाय,' असं तो पाहुणा तोंडावर बोलून गेला. आता दुधनीचे हे अडते. यांच्या धाकट्या लेकीला, दाक्षायणीला बघून आल्यापासून शिवयोगी आरशापुढून हलत नव्हता.

मुलीचा बाप घर बघायला आला की नळ बघतो, न्हाणी बघतो, देवघरात हात जोडतो. हे गृहस्थ दारालाच चिकटले होते.

"अक्का, आत जाऊन कडी लावा. आनि बोला कायतरी."

काशम्मांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पोराच्या तोंडाकडं बघून त्या आत गेल्या. कडी लावली आणि जे मनात होतं तेच बोलल्या.

"गरिबाचं घर हाय म्हणून वाजवून बघताय व्हय? बाजारातलं मडकं हाय का हे? तुमची पोरगी सोन्याची, मग आमचं पोर काय रस्त्यावर पडलंय?"

शब्द न् शब्द बाहेर आला. शिवयोगीनं मान खाली घातली.

"मामा, वरून आणखी एक जाड थर मारतो. आवाज येणार न्हाय."

संगप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "अक्का, बाजूला व्हा," म्हणाले आणि दारावर लाथ घातली. दुसऱ्या लाथेला प्लायवुड फाटलं. त्यांनी भोकातून हात घालून कडी काढली.

काशम्मा तडक बाहेर आल्या. एवढा माज! दुसऱ्याच्या घरात येऊन दारं फोडायची!

"चला, निघा हितनं! नको आमाला तुमची पोरगी. माझं पोर बिनलग्नाचं ऱ्हाईल, पन असल्या मानसाशी सोयरीक न्हाय."

संगप्पा मटकन खाली बसले. फाटलेल्या दारावरचा हात त्यांनी काढला नाही.

"मुहूर्त काढा, अक्का," ते म्हणाले. "दार मी बसवून देतो, पन असलंच. थोरलीला सासरच्यांनी सागवानी दाराआड कोंडून पेटवलं, तवा मी त्यांच्या ओसरीवरच बसलो हुतो."